ढग चांगले होते, तरी रंग आला नाही : किनाऱ्यावरील सूर्यास्ताचे समस्या निवारण

नागपूरहून कोकणात छायाचित्रे काढायला जाणाऱ्यांकडून एक तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि ती मी स्वतःही पुरेशा वेळा केली आहे. दुपारी चार वाजता आभाळ देखणे होते, ढग हवे तसे विखुरलेले होते, ट्रायपॉड पुळणीवर रोवून झाला होता. पण सूर्य पाण्याला टेकण्याच्या बराच आधी राखाडी पट्ट्यात विरघळून गेला, ढग होते तसेच पांढरट राहिले आणि हाती आली ती फिकी, मळकट चित्रे. जाऊन-येऊन जवळपास दोन हजार किलोमीटरचा प्रवास, चार दिवसांची रजा आणि तीनपैकी तिन्ही संध्याकाळी वाया, असे ज्याच्या वाट्याला येते त्याला ‘निसर्गापुढे कोणाचे काय चालते’ हे उत्तर पुरत नाही. ते पुरूही नये, कारण यांपैकी बऱ्याच संध्याकाळींचा अंदाज दुपारीच बांधता येतो.

समस्येचे मूळ एका समजुतीत आहे. सूर्यास्त म्हणजे एकच एक घटना, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावर उभे असताना आपल्यापुढे दोन वेगळ्या वाटांनी आलेला प्रकाश असतो. सूर्यबिंबाचा जो प्रकाश थेट आपल्या डोळ्यांत येतो, तो समुद्राला घासून, हवेच्या सर्वांत खालच्या, दमट आणि धूसर थरातून येतो. डोक्यावरच्या उंच ढगाला जो प्रकाश रंगवतो, तो मात्र वाटेचा बराच भाग पृष्ठभागापासून काही किलोमीटर वरच्या, तुलनेने स्वच्छ हवेतून कापत आलेला असतो. पहिली वाट बंद असली तरी दुसरी उघडी असू शकते, आणि पहिली स्वच्छ असूनही दुसरी अडलेली असू शकते. बिंब बुडाले म्हणजे संध्याकाळ संपली असे मानून निघून जाणे, आणि डोक्यावर ढग आहेत म्हणजे रंग येणारच असे मानून बसून राहणे, या दोन्ही चुका एकाच समजुतीतून होतात.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही तिघे गुहागरला होतो. पहिल्या संध्याकाळी आभाळात सिरस या उंच, पातळ ढगाचे तुरळक धागे होते. आपल्याकडे पिंजलेला कापूस वाऱ्यावर ओढला गेला की जसे तंतू निघतात, अगदी तसे. सूर्य क्षितिजापासून साधारण दोन बोटे वर असतानाच विटकरी झाला, मग त्याची खालची कड पुसली गेली आणि बघता बघता तो दिसेनासा झाला. पाण्यावर एक रेघही पडली नाही. आम्ही लेन्स पुसून बॅगेत ठेवल्या आणि सुरूच्या बनातून परत निघालो. बनातून बाहेर पडून मुक्कामाच्या अंगणापर्यंत पोहोचलो तेव्हा डोक्यावरचे ते सगळे धागे गुलाबी झाले होते, आणि अंगणातल्या हौदाच्या पाण्यातही तो गुलाबी रंग उतरला होता. पुन्हा पुळणीवर धावत जाण्याइतका वेळ उरला नव्हता. खालच्या धूसर थराने आमच्या डोळ्यांपर्यंतची वाट बंद केली होती, पण दहा किलोमीटर उंचीवरच्या त्या हिमकणांपर्यंतची वाट बंद करणे त्या थराच्या आवाक्यातले नव्हते.

प्रकाशाची वाट किती लांब असते

हा भाग नीट समजला की बाकीचे निदान सोपे होते, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो, आणि उदाहरण समुद्राचे न घेता आपल्या नागपूरचेच घेतो.

मार्च आणि सप्टेंबर महिन्यांच्या २०-२३ तारखांच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला मावळतो. नागपूरच्या बरोबर पश्चिमेला नकाशावर रेघ ओढली तर ती अमरावती, भुसावळ आणि जळगाव यांच्या जवळून जाऊन सुरतेला पोहोचते. पूर्वी ६ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांकाचा असलेला राष्ट्रीय महामार्ग साधारण याच पट्ट्यातून जातो. सरळ रेषेत अमरावती सुमारे १४० किलोमीटरवर आहे, जळगाव सुमारे ३६५ आणि सुरत सुमारे ६५० किलोमीटरवर.

आता नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या चौपाटीवर तुम्ही उभे आहात आणि तुमच्या डोक्यावर दहा किलोमीटर उंचीवर सिरस आहे, असे समजा. सूर्य मावळून बारा-तेरा मिनिटे झाली आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे त्या ढगाला सूर्य अजून दिसतो आहे. त्या क्षणी ढगाच्या तळाला लागणारा किरण सुरतेच्या आसमंतात जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर असतो, भुसावळच्या आसपास तो जेमतेम दोन किलोमीटर उंचीवर येतो आणि तिथून पुढे जमीन त्याच्याखालून वाकत जात असल्यामुळे नागपूरपर्यंत येता येता तो पुन्हा दहा किलोमीटर उंचीवर पोहोचतो. म्हणजे फुटाळ्यावरच्या ढगाला लाली येणार की नाही, हे फुटाळ्यावर ठरत नाही. भुसावळवर त्या वेळी पावसाचा उंच ढग उभा असेल, तर नागपूरचे आभाळ कितीही मोकळे असले तरी ती शेवटची, सर्वांत लाल तिरीप इथपर्यंत पोहोचणार नाही.

यातून एक उपयुक्त हिशेब निघतो. डोक्यावर ढगांची सलग चादर असेल, तर तिच्या तळाला प्रकाश लागण्यासाठी तिची पश्चिमेकडची कड कुठेतरी संपायला हवी, कारण प्रकाश त्या कडेखालूनच आत शिरतो. ही कड जितकी दूर, तितका रंग उशिरा येतो, आणि आपल्या अक्षांशांवर दर १०० किलोमीटरला साधारण दोन मिनिटांचा उशीर होतो. कड अमरावतीवर असेल तर सूर्यास्तानंतर तीनेक मिनिटांत चादर पेटते. जळगाववर असेल तर सातेक मिनिटांनी. सुरतेवर असेल तर बारा मिनिटांनंतर, तीही ओझरती. त्यापलीकडे कड असेल तर उंच ढगांनाही रंगाची आशा धरू नये. चार-पाच किलोमीटर उंचीच्या मधल्या ढगांसाठी ही मर्यादा साडेचारशे-पाचशे किलोमीटरची आहे आणि दोन किलोमीटर उंचीच्या खालच्या ढगांसाठी तीनशेची. हे आकडे भूमितीचे आहेत. हवा स्वच्छ नसेल तर प्रत्यक्ष मर्यादा याहून जवळ येते, हे लक्षात ठेवावे.

कोकणात हीच रेघ अरबी समुद्रावर पडते आणि तिथे जळगाव-सुरतेसारख्या खुणा नसतात. म्हणून रेखांश वापरावेत. गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण हा सगळा पट्टा ७३ अंश पूर्व रेखांशाच्या थोडा पूर्वेला आहे आणि त्या अक्षांशांवर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर. ६७ ते ७३ रेखांशांच्या दरम्यान समुद्रावर काय चालले आहे, एवढे पाहिले की आपल्या कामाची जवळजवळ सगळी वाट पाहून होते. मात्र डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला मावळतो, त्यामुळे ही रेघ नैर्ऋत्येकडे कलते आणि तिचे दुसरे टोक किनाऱ्यावरच्या आपल्या जागेपेक्षा अडीच अंश दक्षिणेला जाते. रत्नागिरीला उभे राहून नेमक्या पश्चिमेचे ढग तपासणारा माणूस डिसेंबरात चुकीची वाट तपासत असतो.

उपग्रहचित्र कसे वाचावे

भारतीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची चित्रे दिवसभर येत असतात. त्यातील अवरक्त (इन्फ्रारेड) चित्र बहुतेकजण पाहतात आणि तिथेच फसतात. अवरक्त चित्रात ढगाच्या माथ्याचे तापमान दिसते. उंच आणि थंड ढग पांढरेशुभ्र उमटतात, तर समुद्रालगतचे खालचे ढग पाण्याइतकेच उबदार असल्यामुळे समुद्राच्या करड्या रंगात मिसळून जातात. म्हणून अवरक्त चित्रात काळाभोर मोकळा दिसणारा समुद्र प्रत्यक्षात खालच्या ढगांनी झाकलेला असू शकतो. त्याच वेळचे दृश्य प्रकाशातले चित्र शेजारी ठेवावे. ते ढग तिथे स्पष्ट दिसतात. दिवस कलला की दृश्य चित्र अंधारू लागते, तेव्हा ही तुलना चारच्या आत उरकावी. दोन्ही चित्रांत पांढरा दिसणारा ढग उंच आणि जाड आहे, आणि तो वाटेत असेल तर घातक आहे. फक्त दृश्य चित्रात दिसणारा ढग बुटका आहे. तो सूर्यबिंब गिळेल, पण उंच ढगांची लाली त्याच्या डोक्यावरून सहज निघून येईल. फक्त अवरक्त चित्रात अंधुक दिसणारा ढग म्हणजे पातळ सिरस, आणि तोच आपल्याला हवा असतो.

हवामानाचे भाकीत दाखवणाऱ्या विंडीसारख्या ॲपमध्ये खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे पाहता येतात आणि अंतरही मोजता येते. नागपूरहून निघण्याच्या दोन दिवस आधी कोणत्या संध्याकाळी कोणत्या जागी राहावे हे ठरवायला ते चांगले आहे. पण ते गणिताने काढलेले भाकीत आहे, आणि पातळ सिरसच्या बाबतीत ते अनेकदा तासा-दोन तासांनी चुकते. प्रत्यक्ष दिवशी उपग्रहाचे चित्र आणि ॲपचे भाकीत यांत फरक पडला तर मी उपग्रहावर विश्वास ठेवतो. तीन वाजता आणि पाच वाजता अशी दोन चित्रे पाहिली की ढगाची कड कोणत्या दिशेला आणि किती वेगाने सरकते आहे तेही कळते.

गुहागरच्या त्याच सहलीत दुसऱ्या दिवशी दुपारपासून पूर्ण आभाळ एका पांढुरक्या चादरीने झाकले होते. सोबतचे दोघे किनाऱ्यावर यायलाही तयार नव्हते. पाचच्या चित्रात त्या चादरीची कड ६८ रेखांशाच्या जवळ, म्हणजे आमच्यापासून सव्वापाचशे ते साडेपाचशे किलोमीटरवर दिसत होती आणि तिच्यापलीकडे समुद्र चारच्या आत पाहिलेल्या अवरक्त आणि दृश्य अशा दोन्ही चित्रांत मोकळा होता. त्या हिशेबाने सूर्यास्तानंतर दहा-अकरा मिनिटांनी काहीतरी व्हायला हवे होते. सूर्य कधी मावळला ते दिसलेही नाही. सगळीकडे मळभ होते आणि पुळणीवरचे बाकीचे लोक निघून गेले. दहाव्या मिनिटाला क्षितिजालगत आधी एक तपकिरी रेघ दिसली, तिची तांबडी पट्टी झाली आणि मग ती लाली चादरीच्या तळावरून आमच्या दिशेने सरकत आली. ओहोटीने ओल्या राहिलेल्या वाळूवर ती खालूनही दिसत होती. चार मिनिटांत सगळे संपले. त्या चार मिनिटांतली चित्रे आजही माझ्या घरी भिंतीवर आहेत.

ढग योग्य आहे का, हे जमिनीवरून ओळखणे

वाट मोकळी असली तरी ढग चुकीचा असेल तर रंग येत नाही. सिरस आणि तितकाच उंच, बारीक कणीदार दिसणारा सिरोक्युम्युलस हे रंगासाठी उत्तम. मधल्या उंचीवरचा अल्टोक्युम्युलस, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे बोळे एकाला एक लावून ठेवावेत तसा दिसणारा ढग, माझ्या मते सर्वांत देखणा, कारण प्रत्येक बोळ्याचा पश्चिमेकडचा काठ पेटतो आणि मधल्या फटींत निळे आभाळ शिल्लक राहते. याउलट अल्टोस्ट्रॅटसची सलग जाड चादर बहुधा निराश करते.

चादर पातळ आहे की जाड, हे ओळखण्यासाठी सूर्यास्ताच्या तासभर आधी ट्रायपॉडच्या पायाची वाळूवर पडलेली सावली पाहावी. पाय वाळूत जिथे रुततो तिथून वीतभर अंतरापर्यंत सावलीची कड रेखीव असेल तर वरचा पडदा पातळ आहे. सावली आहे पण तिची कड सांगता येत नाही, अशी स्थिती असेल तर पडदा मध्यम आहे आणि त्याची पश्चिम कड जवळ असेल तरच थांबण्यात अर्थ आहे. सावलीच पडत नसेल आणि सूर्य दुधी काचेमागच्या दिव्यासारखा दिसत असेल, तर तो अल्टोस्ट्रॅटस आहे. सूर्याभोवती खळे पडलेले दिसले तर ती सिरोस्ट्रॅटसची, म्हणजे उंचावरच्या पातळ सलग चादरीची खूण. हे खळे २२ अंशांचे असते. हात लांब करून ताणलेली वीत जवळजवळ तेवढीच भरते. खळ्याच्या दिवशी रंग येतो तो सहसा सौम्य आणि आभाळभर पसरलेला असतो, रेखीव नसतो. अशा वेळी रुंद चौकटीचा मोह सोडून पाण्यातल्या प्रतिबिंबाकडे वळावे.

सूर्यबिंब पट्ट्यात बुडते, तेव्हा

ही तक्रार नागपूरकरांच्या बाबतीत जास्त येते आणि त्याला एक साधे कारण आहे. फुटाळ्यावर किंवा अंबाझरी तलावावर पश्चिमेला झाडांची रांग असते आणि क्षितिजालगतचा शेवटचा अंश-दोन अंश त्या रांगेमागे झाकलेला राहतो. सूर्य झाडांमागे गेला की आपण त्याला सूर्यास्त म्हणतो. हवेचा सर्वांत गढूळ पट्टा नेमका त्याच झाकलेल्या भागात असतो, त्यामुळे तो आपल्या अनुभवात येतच नाही. समुद्रावर मात्र आभाळ थेट पाण्यापर्यंत उघडे असते आणि तो पट्टा प्रथमच समोर येतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवेतून येतो. त्या हवेत समुद्राच्या मिठाचे कण असतात, संध्याकाळी दमटपणा वाढला की ते पाणी शोषून फुगतात आणि पट्टा आणखी दाट होतो.

त्याची उंची बोटांनी मोजता येते. हात पूर्ण लांब केला की एका बोटाची रुंदी साधारण दोन अंश भरते. आपल्या अक्षांशांवर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि एक अंश उतरायला त्याला चार मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. म्हणजे एक बोट म्हणजे आठ-नऊ मिनिटे. एका बोटाला पंधरा मिनिटे, असे जे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते, ते सूर्य तिरका उतरणाऱ्या उत्तरेकडच्या देशांत जुळत असेल. कोकणात त्यावर विसंबलात तर उशीर होईल. पट्टा एक बोट जाड असेल तर बिंब सूर्यास्ताच्या आठ मिनिटे आधी जाणार, दोन बोटे असेल तर सोळा-सतरा मिनिटे आधी. हे चार-साडेचारलाच मोजून ठेवावे आणि बिंबाचे चित्र ते पट्ट्यात शिरण्याआधी काढून घ्यावे. पट्ट्याची वरची कड जिथे सुरू होते तिथे सूर्य काही क्षण तांबूस आणि सौम्य असतो. पाण्यावर प्रकाशाची रेघ हवी असेल तर ती तेव्हाच मिळते. सूर्य फिका दिसला तरी लांब पल्ल्याच्या लेन्समधून, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून त्याच्याकडे पाहू नये. मागच्या पडद्यावरच चौकट जुळवावी.

हा पट्टा पुष्कळदा कड्यावरूनही टळत नाही. उंच जागी गेलो की क्षितिज दूर जाते आणि मधली धूसर हवा उलट वाढते. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या घाटावरून दृश्य सुंदर दिसते, पण बिंबासाठी म्हणून उंचावर जाण्याने फायदा होत नाही.

निरभ्र आभाळाची तक्रार थोडक्यात संपवता येते. ढग नसतील तर रंग पकडायला वर काहीच नसते, आणि ती संध्याकाळ बिंबाची व त्यानंतरच्या निळ्या-जांभळ्या संधिप्रकाशाची असते. अशा वेळी मागे वळून पूर्वेकडे पाहावे. सूर्यास्तानंतर पाच-दहा मिनिटांत तिथे पृथ्वीची निळसर सावली आणि तिच्यावर गुलाबी पट्टा चढताना दिसतो.

महिन्यांप्रमाणे काय बदलते

माझ्या अनुभवात ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबर हा काळ सर्वांत फलदायी आहे. पावसाने हवा धुतलेली असते, आणि दुपारनंतर सह्याद्रीवर उभे राहणारे गडगडाटी ढग आपल्या पाठीशी, म्हणजे पूर्वेला असल्यामुळे त्यांच्या माथ्यावर पश्चिमेचा प्रकाश बिनअडथळा पडतो. खारे वारे दुपारी किनाऱ्यावरचे खालचे ढग सह्याद्रीकडे ढकलतात, म्हणून दोन वाजता भरलेले आभाळ पाच वाजता किनाऱ्यापुरते मोकळे झालेले पुष्कळदा दिसते. दोनच्या आभाळावरून निर्णय घेऊ नये. डिसेंबर ते फेब्रुवारीत आभाळ बहुधा निरभ्र असते, पहाटेच्या मतलई वाऱ्यांनी जमिनीवरचा धूर आणि धूळ समुद्रावर नेऊन सोडलेली असते, आणि वर उबदार हवेचे झाकण असल्यामुळे ती खालीच अडकते. दोन बोटांचे पट्टे याच दिवसांतले. अधूनमधून उत्तरेकडच्या पश्चिमी झंझावाताबरोबर सिरसचे लांब पट्टे येतात तेवढेच. एप्रिल-मेमध्ये दमटपणा फार असतो. मेच्या अखेरीस मात्र मान्सूनपूर्व ढग समुद्रावरच उभे राहू लागतात, आणि ते नेमके आपल्या वाटेत असतात.

धूळ आणि धुराने रंग वाढतो, हा समज इथेच सोडवून ठेवावा. १८८३ साली क्रॅकाटोआचा उद्रेक झाल्यानंतर जगभर विलक्षण रंगीत सूर्यास्त दिसले हे खरे, पण ते अतिशय बारीक कण ढगांच्याही वरच्या थरात पोहोचले होते. जमिनीलगतचा धूर रंग वाढवत नाही, मळवतो. उन्हाळ्याच्या तोंडी आपल्याकडे शेतांत कापसाची वाळलेली पऱ्हाटी पेटवली जाते त्या संध्याकाळी सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसतो खरा, पण ढगांकडे पाहिले तर ते मातकट असतात. एखादी सर येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तोच ढग कसा उजळतो, ते ताडून पाहावे.

रंग आला होता, पण चित्रात नाही

असे असेल तर दोष कॅमेऱ्याच्या मांडणीचा आहे आणि तो लवकर सुटतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचा समतोल, आपोआप ठेवला तर कॅमेरा आभाळाची लाली हा दोष समजून पुसून काढतो. तो दिवसाच्या प्रकाशावर पक्का करावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात चित्र घ्यावे. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या आलेखात, फक्त एकत्रित आलेख न पाहता लाल रंगाचा आलेख पाहावा, कारण लाल उजव्या कडेला आदळून कापला गेला की तिथे तपशील जाऊन सपाट पिवळा-नारिंगी डाग उरतो. गरज पडल्यास एक स्टॉपपर्यंत, म्हणजे निम्म्यापर्यंत, कमी प्रकाश घ्यावा. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला तर लेन्सवर बाष्प धरते आणि ते चित्र हुबेहूब धुरकट आभाळासारखे दिसते, म्हणून अर्धा तास आधी कॅमेरा बॅगेतच बाहेर ठेवावा. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर बसलेला पातळ थर दर काही मिनिटांनी पुसावा. सूर्याकडे तोंड असताना पोलरायझर या चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरचा उपयोग नसतो.

वेळेचा एक घोळ नागपूरकरांनी विशेष सांभाळावा. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर रत्नागिरीला सहाच्या सुमारास. उन्हाळ्यात हा फरक बराच कमी होतो. सवयीने आपण लवकर पोहोचतो आणि लवकर थकतो. पोहोचण्याची नव्हे, निघण्याची वेळ ठरवून ठेवावी : उंच ढग असतील तर सूर्यास्तानंतर किमान वीस मिनिटे, मधले असतील तर बारा, फक्त खालचे असतील तर आठ. बिंब दिसो वा न दिसो, ही मिनिटे पंचांगातल्या किंवा ॲपमधल्या सूर्यास्ताच्या वेळेपासून मोजावीत, बिंब दिसेनासे झाले त्या क्षणापासून नव्हे.

या सगळ्याचा सराव कोकणात जाऊन करण्याची गरज नाही. फुटाळ्यावर किंवा अंबाझरीच्या बांधावर आठवड्यातून दोन संध्याकाळी जावे आणि एका वहीत चारच गोष्टी लिहाव्यात : पाचच्या उपग्रहचित्रात ढगाची पश्चिम कड कोणत्या गावावर होती, सावलीची कड रेखीव होती की नाही, रंग सूर्यास्तानंतर कितव्या मिनिटाला आला आणि किती वेळ टिकला. थंडीत रेघ वाशीमच्या बाजूला कलते हे विसरू नये. तीस-चाळीस नोंदी झाल्या की दर शंभर किलोमीटरला दोन मिनिटे हा हिशेब तुमच्या स्वतःच्या आकड्यांतून दिसू लागेल, आणि जिथे तो चुकला असेल तिथे त्या दिवशीच्या दृश्य चित्रात भुसावळ-जळगावच्या बाजूला एखादा उंच ढग सापडतो का, ते आधी पाहावे.